सोऱ्या आत्ता कुणाकडे?

आमच्या सोसायटीत एक स्टीलचा डबा आहे. तो मुळात कुणाचा, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. चारशे एकच्या वहिनींनी एकदा त्यातून मला शेंगदाण्याची चटणी दिली होती. शेजारणीचा डबा रिकामा परत पाठवायचा नसतो, म्हणून मी तो घासूनपुसून त्यात रव्याचे लाडू घातले आणि पाठवला. आता लाडवांचा डबा त्या तरी रिकामा कशा पाठवतील? त्यांनी मुगाची भजी घातली. मी साबुदाण्याच्या चिवड्याने उत्तर दिलं. असं करता करता माझी लेक बालवाडीतून थेट इंजिनिअर होऊन पुण्याला नोकरीला लागली, तरी डबा फिरतोच आहे. एका मे महिन्यात आम्ही दोघीही गावाला गेलो होतो, तेव्हाही तो वरखाली होत होता असं वॉचमन शपथेवर सांगतो. मी वॉचमनवर विश्वास ठेवते, कारण तो माझ्यासारखाच आहे.

हे डब्याचं आधी सांगितलं, कारण पुढे जो गोंधळ झाला त्यात चूक माझी नव्हती, शीटची नव्हती आणि सोऱ्याची तर नव्हतीच. चूक होती ती रिकामं काही परत पाठवायचं नाही, या आमच्या वळणाची.

सोऱ्या म्हटला की लोकांना चकलीचा आठवतो, मुठीत मावणारा. माझ्या सासूबाईंचा सोऱ्या कुरडयांचा आहे, पितळी, सटाण्याकडच्या त्यांच्या माहेराहून त्यांच्याबरोबर आलेला. तो मुठीत मावत नाही, कडेवर घ्यावा लागतो. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा माळ्यावर तो आडवा पडलेला बघून मला वाटलं, या लोकांनी एखाद्या किल्ल्यावरची तोफ उचलून आणली आहे. एकीने त्याचे दोन्ही कान धरून तो गोल फिरवायचा, दुसरीने वरून लाकडी दट्ट्यावर सगळा भार टाकायचा. पहिल्या उन्हाळ्यात दट्ट्यावर मला उभं केलं आणि तेव्हापासून या घरात माझ्या शब्दाला वजन आहे. एका दाबात ताटभर कुरडई पडते, आणि तारा इतक्या बारीक की सुईत ओवून साडीला फॉल लावावा.

तर अशा सोऱ्यावर उन्हाळा लागला की सगळ्या सोसायटीचा डोळा. बाजारातले नवे साचे आणून बघितले बायकांनी. त्यांत गरम चीक भरला आणि दाबलं की कुरडईच्या आधी साचाच बाहेर येतो. म्हणून मग चैत्र संपता संपता आमच्या दारात रांग. सासूबाई कुणाला नाही म्हणत नाहीत. फक्त दर दोन तासांनी विचारतात, की आता तो कुणाकडे आहे. एरवी त्या आपल्यासारखं नाशिकचं बोलतात, पण काळजी वाटली की भाषा थेट सटाण्याला पोहोचते. "मना सोऱ्या कोठे शे?" असं ऐकू आलं की माझा नवरा पेपर घेऊन बाल्कनीत जातो.

मी सातपूरच्या एका कंपनीत डिस्पॅचला आहे. कुठला माल शेवटी कुठल्या गाडीत गेला, हे शीटमध्ये बघून सांगणं हा माझा धंदा. गाड्या दिवसभर लागत राहतात, रांगा वाढत राहतात आणि साहेबाला फक्त शेवटची ओळ हवी असते. ती ओळ बोटाने खाली खाली जात शोधणारी माणसं वेगळी आणि ती आपणहून वर येऊन उभी राहील असं सूत्र लिहिणारी माणसं वेगळी. मी कुठल्या जातीची, ते सांगत नाही. आमच्या खात्यात माझं सूत्र बघायला लोक डबा सोडून उठतात, एवढंच.

तेव्हा मी सोऱ्यासाठी शीट केली आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. एका रकान्यात तारखा, दुसऱ्यात घराचा नंबर. सोऱ्या जिच्या घरी जाईल, तिने पहिल्या रिकाम्या खणात आपला नंबर टाकायचा. सगळ्यांत वर एक खण हळदीसारखा पिवळा रंगवला आणि त्याच्या शेजारी लिहिलं, 'सोऱ्या आत्ता इथे'. रकान्यात शेवटी जो नंबर असेल तो पिवळ्या खणात आपोआप उमटणार. सासूबाईंच्या फोनवर शीट उघडून दिली. त्यांनी पिवळ्या खणावर दोनदा बोट आपटलं, काही पडतंय का बघितलं, आणि म्हणाल्या, "बरं."

पहिलं सूत्र साधं होतं. भरलेले खण मोज, तितक्याव्या खणात बघ. दहा भरलेत तर दहाव्यात शेवटचं सापडणार, यात चुकायचं काय? पण खालच्या मजल्यावर अमावास्येला पितळेची वस्तू घराबाहेर देत नाहीत. त्या दिवसाचा खण त्यांनी मोकळा सोडला, अमावास्येचा मान म्हणून. झालं, मोजणी एकाने कमी आली आणि पिवळा खण एक घर मागे बघायला लागला. पुढे सोऱ्या पाचशे दोनमधून गेला तळमजल्यावर आणि शीट दाखवते पाचशे दोनच. पाचशे दोनच्या बाई तणतणत आल्या, "घराची झडती घ्या, पलंगाखाली बघा, पण माझं नाव काढा त्यातून." मग मी दुसरं सूत्र घातलं. मधे किती का खण मोकळे असेनात, ज्यात काहीतरी आहे असा शेवटचा खण शोधून आण. ते चाललं. असं चाललं की हे सूत्र आता पंचांगवाल्यांना देऊन टाकावं, असं माझ्या मनात आलं होतं.

इथे माझ्या विहीणबाईंना आणायला हवं. लेकीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. व्याही दिंडोरीकडचे, द्राक्षबागायतदार. विहीणबाई म्हणजे माणूस सोन्यासारखा आणि जीभ छाटणीच्या कात्रीसारखी. साखरपुड्याला पंगत उठल्यावर बायका रुखवताचं बोलत बसल्या होत्या. विहीणबाई सासूबाईंना म्हणाल्या, "आजी, कुरडयांचं मनावर घेऊ नका. त्या आम्ही करून आणू. तुमच्या शहरातलं ऊनच धुरकट हाय. कुरडई लाल पडती, अन् जीव केवढा, वाटीएवढा."

सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"आमची कुरडई ताटात मावली," त्या म्हणाल्या, "तर ती आमची नाही म्हणून परत पाठवा."

सगळ्या हसल्या. मीही हसले. थापा मारायचा मक्ता या घरात माझा आहे आणि मला त्याचे नियम माहीत आहेत. मोठं बोलावं, पण मागे पळायला एक दार ठेवावं. सासूबाईंनी दार लावलं, वर कडीही घातली. कारण विहीणबाई म्हणाल्या, "तळल्यावर का?" आणि सासूबाई म्हणाल्या, "तळल्यावर कशाला? कच्चीच."

म्हणजे ताटापेक्षा मोठी, पांढरीशुभ्र, कच्ची कुरडई मांडवात मांडायची. नाहीतर त्या माऊलीचा शब्द दिंडोरीपर्यंत सगळ्या बागांमधून फिरला असता. त्यांना पैशाअडक्याचं काही वाटत नाही, दुखण्याखुपण्याचं वाटत नाही, पण बोललेलं खाली पडलं तर त्या जेवत नाहीत. मी तसं एकदा बघितलं होतं आणि पुन्हा बघायची इच्छा नव्हती.

कुरडईचं एक असतं. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून चीक रात्रभर निवू द्यायचा. सकाळी वरचं पाणी काढलं की त्याच सकाळी तो शिजवायचा आणि गरम आहे तोवर दाबायचा. एक दिवस थांबलात तर आंबतो, कुरडई लाल पडते आणि तळली तरी फुलत नाही. द्राक्षं चार दिवस वेलीवर थांबतील. चीक थांबत नाही.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही गच्चीवर होतो. पांडवलेण्यांच्या डोंगरावर नुकतं ऊन आलं होतं. नवऱ्याने गॅसची शेगडी वर चढवली, चारशे एकच्या वहिनी मदतीला आल्या, खाटांवर जुन्या साड्या अंथरून झाल्या, पातेल्यात आधणाला बुडबुडे यायला लागले. सासूबाईंनी चिकावरचं पाणी काढलं. खाली चीक असा घट्ट पांढरा की त्यात तोंड बघून कुंकू लावावं. त्या प्रसन्न होत्या. म्हणाल्या, "जा, सोऱ्या घेऊन ये."

मी पदराला हात पुसले आणि ऐटीत शीट उघडली. लग्नाच्या गडबडीत बरेच दिवस ती ना मी बघितली होती, ना सासूबाईंनी. पिवळ्या खणात दोन जोडलेले हात होते.

"काय म्हणते शीट?" नवऱ्याने विचारलं.

"नमस्कार म्हणते."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

सासूबाईंनी चाटू पातेल्याच्या काठावर ठेवला. "मना सोऱ्या कोठे शे?"

मी खाली सरकवून बघायला लागले. कुणीही म्हणेल, शेवटचा नंबर डोळ्यांनी शोधायला काय लागतं? नवऱ्यानेही तेच म्हटलं, आणि अजून म्हणतो. पण त्या रकान्यात काय झालं होतं ते त्याने बघितलं नव्हतं. नंबर, गुलाब, जोडलेले हात, गुलाब, नंबर, निरांजन, हात, हात, हात. आजच्या तारखेसमोर बघावं तर तिथे एक हसरा सूर्य. तारखा कधीच मागे पडल्या होत्या, हात जोडणारे पावसाळ्यापर्यंत पोहोचले होते. त्र्यंबकेश्वराला श्रावणी सोमवारी एवढे हात जोडले जात नसतील. मधे नंबर यायचा, बोट घसरायचं, नंबर वर निघून जायचा आणि पुन्हा हात सुरू.

"हे कुणी केलं?" मी म्हटलं.

वहिनी चाळणी पुसत होत्या, ती फार मन लावून पुसायला लागल्या.

"वहिनी."

"मी एक गुलाब फक्त," त्या म्हणाल्या. "बाकीचं मला माहीत नाही."

"पण का?"

"असं काय करता? तुम्ही शीट आमच्या घरी पाठवली. आम्ही उघडली, नंबर टाकला. नंतर सोऱ्या परत केला, त्यात गव्हाच्या चोथ्याच्या भुसवड्या घातल्या होत्या की नाही? मग शीट तेवढी रिकामी बंद करायची? खाली एवढे खण मोकळे दिसत होते, बरं वाटेना."

त्यांचं बरोबर होतं. माझ्या सूत्राने बायकांना डबा पाठवला होता आणि बायका तो रीतीप्रमाणे भरून परत पाठवत होत्या. ज्यांना फोनवर गुलाब सापडला नव्हता, त्यांनी तर त्याहून बारीक काम केलं होतं. खणात गेल्या होत्या आणि नुसती एक स्पेस देऊन आल्या होत्या. दिसायला खण रिकामा, आत चिमूटभर साखर. माझं सूत्र बिचारं भोळं. ज्यात काहीतरी आहे असा शेवटचा खण आण म्हटलं, तर ते नमस्कारही आणतं आणि साखरही आणतं.

ग्रुपवर विचारलं, सोऱ्या कुणाकडे आहे. उत्तरादाखल तीन सुप्रभात आले. फोन लावले, पण त्या वेळेला निम्म्या सोसायटीचे हात पिठात आणि उरलेल्यांचे अंघोळीत. तोवर आधणाला उकळी फुटली होती. सासूबाई पातेल्याशी उभ्या होत्या, हातात चिकाचं भांडं. ओतलं की परतीची वाट नाही, न ओतावं तर ऊन चढतंय. त्या माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "चीक वाट दखस का?" म्हणजे चीक कुणाची वाट बघतो का, आणि तोंड डोंगराकडे केलं.

मग मात्र मी गच्चीच्या कठड्याला टेकून फोन दोन्ही हातांनी धरला. डिस्पॅचला आमच्याकडेही रकान्यात काहीबाही असतं. कुणी 'चहाला गेलो' लिहितं, कुणी 'गाडी पंक्चर'. तिथे मी एक सूत्र वापरते ते घरगुती कामाला कधी काढलं नव्हतं. बैलपोळ्याचा साज रोज कुणी घालतं का?

=LOOKUP(9E+307,B:B)

त्याचा अर्थ असा. सूत्राला सांगायचं, या रकान्यात नऊवर तीनशे सात शून्यं एवढा आकडा शोध. तो तिथे नसतोच, पृथ्वीवर कुठे नसतो. पण सूत्राला वाटतं, ही रांग लहानाकडून मोठ्याकडे चाललेली असणार, तेव्हा माझा आकडा पुढेच असेल. म्हणून ते पुढे पुढे जात राहतं. वाटेत गुलाब लागला तर बघत नाही, नमस्कार केला तर मान हलवत नाही, कारण त्याला आकड्याशिवाय काही दिसतच नाही. शेवटी रकाना संपतो, मोठा आकडा काही मिळत नाही, आणि मग हातात जो शेवटचा आकडा लागला असेल तो घेऊन ते ओशाळून परत येतं. आणि आपल्याला हवा असतो तोच. आकाशाएवढं मागायचं म्हणजे घराएवढं मिळतं. ज्याने कुणी ही युक्ती काढली, तो माझ्या माहेरचा असणार. आमच्याकडे असंच मागतात.

"केवढा आकडा म्हणालीस?" सासूबाईंनी डोंगराकडूनच विचारलं.

"नऊवर तीनशे सात शून्यं."

"एवढ्या कुरडया कोण खाईल?"

पिवळ्या खणात २०३ उमटलं. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, ओता चीक," आणि जिन्याकडे धावले. मी धावले म्हणजे काय, लिफ्ट मला बघून बाजूला झाली.

दोनशे तीनच्या काकू म्हणजे आमच्या सोसायटीतलं सगळ्यांत सभ्य माणूस. उसनी वाटी नेली तर कलथा घेऊन परत येतात. त्यांच्याकडे सोऱ्या अडकेल हे मला स्वप्नात खरं वाटलं नसतं. दार उघडलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"आलीस का," त्या म्हणाल्या. "तू यावंस असंही वाटत होतं आणि येऊ नयेस असंही."

आत टेबलावर सोऱ्या उभा होता. चिंच लावून असा लखलखीत घासलेला की खोलीत दिवा लावायची गरज नव्हती. वर क्रोशाचा रुमाल.

"काकू, तुमच्या कुरडया झाल्या की."

"परवाच झाल्या."

"मग दिला का नाहीत?"

"अगं, आत काय घालू?" त्या कळवळून म्हणाल्या. "परवा ढग आले, काल ढग आले, कुरडया अजून ओल्याच. भुसवड्यांना बुरशी आली, त्या टाकल्या. साखर घालावी तर पितळेला मुंग्या. तुझ्या सासूबाईंच्या माहेरचा सोऱ्या मी रिकामा पाठवू? मला नाही जमत. म्हणून परवापासून तासातासाला शीटमध्ये जाऊन हात जोडत होते. म्हटलं, समजून घेतील."

सगळे नमस्कार त्यांचे होते. निदान पावसाळ्याकडचे.

"काकू, वर चीक ओतलाय. द्या तसाच."

"तसाच?"

"रिकामाच द्या. मी कुणाला सांगणार नाही."

मी असं म्हटलं आणि त्यांनी सोऱ्याचे कान घट्ट धरले. मी दट्ट्या धरला. मी ओढते, त्या ओढतात, दोघी हसतो आहोत आणि सोडत कुणीच नाही. वरून वहिनींचा आवाज जिन्यातून गडगडत आला, "चीक काचेसारखा झालाऽऽ." म्हणजे शिजला. तशी काकूंनी इकडेतिकडे बघितलं, फळांच्या परडीतून दोन पिकलेले आंबे उचलले, सोऱ्यात घातले आणि जिन्यात सांडू नयेत म्हणून वरून दट्ट्या बसवला.

"आता ने," त्या म्हणाल्या. "थांब, मीही येते. एकटीचं काम नाही ते."

मी तो तोफखाना कडेवर घेऊन वर चढले. प्रत्येक पायरीला दट्ट्या थोडा खाली बसत होता, हे मला वर पोहोचल्यावर कळलं. सासूबाईंनी सोऱ्या बघितला आणि त्यांचं तोंड असं उजळलं की खाटेवरच्या साड्यांवर सावली पडली. त्यांनी तो घेतला, हलवला, आतून काहीतरी पचपचलं.

"आत काय आहे?"

"आंबे," काकू हात जोडून म्हणाल्या. त्यांना ती सवयच लागली होती.

दट्ट्या निघेना. नवऱ्याने ओढला, वहिनींनी ओढला. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "ओढता कशाला? दाबा." वहिनींनी खाली वाटी धरली, मी वजन टाकलं, आणि जाळीतून आमरसाच्या बारीक बारीक शेवया उतरल्या. शपथेवर सांगते, केशरी, अखंड, सुईत ओवण्यासारख्या. दोन कोयी तेवढ्या आत राहिल्या. आधणाचं उरलेलं पाणी ओतून सोऱ्या धुतला, पण घाईत कितीसा धुणार? चीक गोळा होऊन चाटूवर डोलत होता.

काकूंनी कान धरले, मी दट्ट्यावर, सासूबाई मध्ये उभ्या राहून बोटाने आकाशात गोल काढत होत्या, तेवढाच आणि तसाच गोल काकूंच्या हातून खाली उतरत होता. पहिली कुरडई पडली. ताट आणलं, तिच्यावर उपडं धरलं. चारी बाजूंनी बोटभर कुरडई बाहेर. पण रंग पिवळट, आणि वास आंब्याचा.

"ही गेली," वहिनी म्हणाल्या.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "पुढच्या घाला."

पुढच्या पांढऱ्या पडल्या. अशा पांढऱ्या की दुपारी गच्चीवर डोळे मिटून जावं लागत होतं, आणि त्या दिवशी ढगांनीही आमच्या गच्चीला वळसा घातला. उरलेला चीक वाट्यांतून आमरस घालून खाल्ला. नवरा तीन वाट्या खाऊन म्हणाला, "हाताने शोधला असतास तर तेव्हाच सापडला असता." कुणी लक्ष दिलं नाही.

मांडवात रुखवतापुढे विहीणबाई आल्या त्या सरळ कुरडयांकडेच. चांदीचं ताट मागवलं, मुद्दाम मोठं. सासूबाईंनी दोन्ही हातांनी एक कुरडई उचलून त्यावर ठेवली. ताट दिसेनासं झालं. विहीणबाईंनी वाकून बघितलं, कडेने बोट फिरवलं, ताट कुठे लागतं का ते चाचपलं.

"आजी," त्या म्हणाल्या, "लय भारी. हरले मी." मग त्यांची नजर सगळ्यांत मोठीवर गेली. "अन् ही पिवळी कशी?"

दोनशे तीनच्या काकूंनी हात जोडले.

"ती केशराची," सासूबाई म्हणाल्या. पापणी लवली नाही. "मानाची एकच करतात."

विहीणबाईंनी वास घेतला. "आंब्यावानी येतोय वास."

"केशर आंब्याचं," सासूबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून थापांच्या मक्त्यात आम्ही दोघी भागीदार आहोत.

मानाची कुरडई चांदीच्या ताटासकट दिंडोरीला गेली. ताट अर्थात त्यांचंच होतं, तरीही मागच्या आठवड्यात ते आमच्याकडे आलं, बेदाणे भरून. आता त्यात काय घालून ते परत पाठवायचं, याचा विचार चालू आहे.

शीटमध्ये मी तिसरा रकाना वाढवला आहे, 'खाऊ'. गुलाब, निरांजनं, नमस्कार, सगळे तिथे. आता कुणाला काही रिकामं सोडावं लागत नाही. काकू दररोज येऊन जातात. मोठ्या आकड्याचं सूत्र पिवळ्या खणात कायमचं ठेवलं आहे. ते चोख चालतं. फक्त एक झालंय.

विहीणबाईंनी सोऱ्या मागितला. सासूबाईंनी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता, व्याह्यांनी गाडी पाठवून नेला. विहीणबाई शिकलेल्या, शीट उघडून त्यांनी आपल्या हाताने नोंद केली. मळ्याला घरनंबर कुठला असणार? त्यांनी लिहिलं, 'दिंडोरी'. आणि माझं सूत्र आकड्याशिवाय काही बघत नाही. ते 'दिंडोरी' ओलांडून मागे येतं आणि त्याच्या आधीचा शेवटचा नंबर दाखवतं, तो आमचाच, ३०२.

दुरुस्त करायला मला एक मिनिट लागेल. पण विहीणबाई काही सोऱ्या रिकामा पाठवायच्या नाहीत. त्या तो द्राक्षांनी भरूनच पाठवणार, आणि द्राक्षं यायला अजून सगळा पावसाळा आणि अर्धी थंडी जायची आहे. तोवर दर दोन तासांनी "मना सोऱ्या कोठे शे?" झालं की मी फोन पुढे करते. सासूबाई पिवळ्या खणावर दोनदा बोट आपटतात, माळ्याकडे एकदा बघतात, मग माझ्याकडे बघतात.

"घरीच आहे म्हणते," त्या म्हणतात.

"हो ना," मी म्हणते.

"बरं," म्हणतात, आणि हसू पदराआड लपवतात.